रगत कुणाचं

डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात एक पांढरी डबी ठेवली आन् म्हणाल्या, "मावशी, मामांची संडास ह्यात भरून आणा. बोटाच्या पेराएवढी पुरे." मी डबीकडं बघितलं, मंग त्यांच्याकडं बघितलं. म्हणलं ही बाई चेष्टा करतीय का काय! पण त्या काय हसल्या न्हाईत.

डबी माझ्या मालकांसाठी व्हती. त्यांचं नाव मी घेत न्हाई, पण गावात समदी त्यांना मल्हारीआबा म्हणत्यात. आमची वस्ती घोडनदीच्या काठाला, इनामगावच्या अलीकडं. माझ्या सासऱ्याच्या वेळेपत्तोर मेंढरं घिऊन मुलूख हिंडायचं घराणं आमचं. आता कॅनॉलचं पाणी आलं, ऊस झाला, कांदा झाला. तरी बी ह्यांनी धा-पंधरा मेंढरं ठेवल्यात दारात. मेंढरं न्हाईत तर सकाळी उठायचं कशाला, असं म्हणत्यात.

आन् डबी कशाला, तर आदल्या साली माझी सासू कुशाबाई गेली म्हणून. सासू म्हंजी माझी सख्खी आत्या. माझ्या बापाची थोरली बहीण. आमच्यात मामाची पोरगी करायची रीतच हाय. आत्यानं मला भावाकडनं मागून घेतली आन् आपल्या एकुलत्या एका पोराला दिली. मला सासुरवास म्हणून म्हाईत न्हाई. आत्याच्या ताटात जेवले, तिच्याच पांघरुणात निजले. असली बाई शेवटाला पोट फुगून, वाळून, तळमळून गेली. दोन वर्सं रगत पडत व्हतं, आन् आम्ही समदी मूळव्याध मूळव्याध करत बसलो. कुणी चूर्ण दिलं, कुणी पाला दिला, कुणी सांगितलं मिरची सोडा. पुण्याला नेली तवा आतड्यात गाठ निघाली, आन् ती गाठ पार काळजापत्तोर गेलेली.

आम्ही निघताना तिथल्या डॉक्टरनं ह्यांना बाजूला घेतलं. "हा कॅन्सर काही काही घराण्यांत उतरतो," म्हणाला. "बाईंच्या पोटच्या मुलांनी तपासून घ्या. त्रास असो वा नसो." पोटचा पोरगा एकच, त्यो म्हंजी आमचं हे. ह्यांनी मान हलवली, आन् मान हलवली ती तेवढीच. साल उलटायला आलं तरी नाव काढंनात.

मला मातुर झोप गोड लागंना. आमची भांडणं रोज व्हत्यात, साऱ्या वस्तीला ऐकू जातंय, त्येची काय मला लाज न्हाई. पण ह्या माणसाशिवाय मला घर नको वाटतं, हे बी खरं हाय. त्यांनी नुसतं पोटाला हात लावला तरी माझा जीव खालीवर व्हायचा. आत्याचं मरण मी माझ्या ह्या हातांनी धुतलंय. दुसऱ्यांदा ते माझ्यानं व्हणार न्हवतं.

म्हणून मी एकटीच उठले आन् शिरूरला डॉक्टरीणबाईंकडं गेले. स्नेहलबाई त्यांचं नाव. वयानं माझ्या लेकीसारख्या, पण माणसाला बसवून सांगत्यात. म्हणाल्या, "मावशी, खरं म्हणजे मामांनी थेट पुण्याला जाऊन आतड्याची दुर्बीण-तपासणी करून घ्यायला हवी. पण ते येतच नाहीत म्हणता, तर निदान एवढं तरी करू. हा रोग सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही. अंगावर चामखीळ येते ना, तसा आतड्यात आधी एक कोंब येतो. तो वर्षानुवर्षं तसाच असतो. त्यातून कधीमधी रक्त झिरपतं, पण डोळ्याला दिसत नाही एवढं थोडं; ते ह्या डबीवरून कळतं. तेव्हाच सापडला आणि काढला, तर पुढचा कॅन्सर होतच नाही."

"व्हतच न्हाई?" मी इचारलं.

"त्या कोंबाचा तरी होत नाही."

मला हे काय पटंना. कॅन्सर म्हंजी कॅन्सर. त्यो व्हायच्या आधी कापून टाकायचा म्हंजी काय, पोर व्हायच्या आधी त्येचं लगीन लावायचं? पण बाई शिकलेल्या, म्हणत असतील तर असंल. मंग त्यांनी बजावलं, "डबी भरायच्या आधी तीन दिवस मामांना मटण द्यायचं नाही. त्या रक्तानंही तपासणी फसते."

घरी येऊन मी डबी ह्यांच्या म्होरं ठिवली आन् काय करायचं ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मला वारंच लागलंय.

"गिते, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? ती डबी घिऊन तू यष्टीत बसणार? आन् कंडक्टरनं इचारलं पिशवीत काय हाय, तर काय सांगशील?"

"सांगीन, मल्हारीआबाचा परसाद हाय."

"गप बस!"

"का गप बसू? रोज सकाळी उठून मेंढरांच्या लेंड्या बोटानं फोडून बघताय. वली हाय का वाळली, जंत हायेत का, कोणचं मेंढरू काय खाऊन आलंय, समदं लेंडीवरनं सांगताय. अर्ध्या तालुक्याची माणसं तुमास्नी इचाराया येत्यात. आन् सोताची म्हणली की लाज आडवी आली व्हय?"

"मेंढरू कुणापशी बोलत न्हाई," म्हणाले, आन् उठून गोठ्याकडं गेले.

मला ठावं व्हतं, लाज तर लाज, पण खरी भीती व्हती. आईला बघितलं व्हतं त्यांनी. त्या डबीतनं काय निघंल ते त्यांना कळायलाच नको व्हतं. पण मी बी गिताबाई हाय. ताटात मटण वाढायचं न्हाई म्हणलं म्हंजी न्हाई. मी तर तसंबी आत्याचं वरीस सरंस्तवर मटण सोडलंच व्हतं. दोन दिस घरात नुसती भाजी-भाकरी. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीवर जागरण-गोंधळ. हे गेले देवाला म्हणून, आन् चांगलं बकऱ्यावर ताव मारून आले. मिशीला रस्सा लागलेला!

मी जे तोंड सोडलं ते सोडलंच. त्यांनी समदं ऐकून घेतलं. आन् मंग सुपारी कातरत, लई शांतपणानं म्हणाले, "आता माझं चालायचं न्हाई. बाईंनीच सांगितलंय न्हवं, मटण चालत न्हाई म्हणून? माझं बाटलं. आता तू दे."

"काय देऊ?"

"तुझं दे. तुझं पोट सोवळं हाय."

"आवं, तपासणी तुमची, माझं घिऊन काय करत्यात?"

"का? तू काय येगळं खातीस? एक चूल, एक तवा, एका हिरीचं पाणी. मेंढरांचं बघ की. एका रानात चरली, एका डबक्यावर पाणी प्याली, की साऱ्या कळपाची लेंडी सारखीच. मी काय पन्नास मेंढरांच्या पन्नास बघत न्हाई. दोन बघतो, कळप कळतो. तुझ्यात काय न्हाई निघालं म्हंजी माझ्यात बी न्हाई."

पोटाचा रोग खाण्यानं व्हतो, हे तर समदीच म्हणत्यात. डॉक्टरीणबाई बी म्हणाल्या व्हत्या की खाण्यापिण्यावर थोडंफार असतं, तंबाखूवर असतं. आन् मेंढरांच्या बाबतीत ह्यांचं कवा चुकलेलं मी बघितलं न्हवतं. मला वाटलं, येवढ्या मिनतवाऱ्या करून निदान ह्या वाटंनं तरी व्हतंय तर व्हऊ द्या. माझं सोवळं पोट, माझीच भरली डबी. पदराखाली धरून यष्टीत बसले, आन् शिरूर येईस्तवर कुणाच्या तोंडाकडं बघितलं न्हाई.

चार-आठ दिवसांनी किराणा दुकानाच्या फोनवर निरोप आला. दुकानदारानं समद्या गिऱ्हाइकांम्होरं मोठ्यानं सांगितलं, मल्हारीआबाच्या तपासणीत रगत निघालंय, डॉक्टरबाईंनी लगीच बोलावलंय. वस्तीवर मी पोचायच्या आधी बातमी पोचली. शेजारची म्हातारी आक्काबाई तर ओसरीवर येऊन रडायलाच लागली. "कुशीचं पोर गं, कुशीच्याच वाटंनं निघालं!" हे समोर जिते बसल्यात, चहा पीत्यात, आन् ही गळा काढतीय. मी तिला म्हणलं, "आक्के, आधी चहा तरी पिऊ दे त्यांना."

हसू बी येत व्हतं आन् भ्या बी वाटत व्हतं. मला काय सुधरंना. ह्यांचं तोंड तर राखेवानी झाल्तं. मी एकदा हळूच म्हणलं, "आवं, पण डबी तर..." तर माझ्याकडं बघून त्यांनी डोळं वटारलं. "तेच की. तुझ्यात हाय म्हंजी माझ्यात हायच. कळपाचं तसंच असतं." आन् मला बी तेच वाटलं. रोग त्यांच्या आईचा, पोट त्यांचं, मी मधली कोण? चाळणीच म्हणा, रगत नुसतं माझ्यातनं गळलं. शिवाय माणूस सोताच्या तोंडानं पुण्याला जायाचं म्हणत व्हता. डबी कुणाची व्हती ते उकरून काढायला मला काय येड लागलं व्हतं?

माझा थोरला ल्योक रविराज सणसवाडीला कंपनीत व्हता. त्येनं रजा टाकली, जीप आणली. आदल्या दिवशी पोट साफ करायची पावडर पाण्यात कालवून प्यायची व्हती, येवढा थोरला हंडाभर. सारी दुपार हे उसात आन् उसातनं बाहेर. शिव्या मला. मेंढरं बी बिथरून बघाया लागली, मालकाला झालंय काय म्हणून. निघताना आक्काबाईनं कपाळाला भंडारा लावला, माणसं जीपपत्तोर आली. जसं काय लढाईलाच निघालं व्हतं.

पुण्यात त्यांना आत नेलं आन् मी बाहेर बाकड्यावर बसले. देवाला काय काय बोलले ते सांगत न्हाई. त्येला पटकी येवो बी म्हणलं आन् पाया बी पडले. कवा तरी दार उघडलं. तरणा डॉक्टर बाहेर आला, हसतच आला. "काही नाही. आतडं एकदम स्वच्छ आहे. एकही कोंब नाही. आईचा इतिहास आहे म्हणून दोन वर्षांनी परत या, बाकी जा आनंदानं."

रविराज रडला, मी रडले. हे आतनं लुंगी सावरत आले आन् म्हणाले, "भूक लागलीय." जीपमधी बसल्यावर तर त्यांना कंठच फुटला. सगळी मशिनं खोटी, डॉक्टर खोटं, आपण कसं ठणठणीत. साऱ्या वाटंनं त्येच. मला इतकं बरं वाटत व्हतं की मी एकदा बी त्यांना गप बसा म्हणलं न्हाई.

परत येताना शिरूरला थांबलो, डॉक्टरीणबाईंना पेढं द्यायला. त्यांनी पेढा घेतला, पण त्यांच्या कपाळाची आठी काय मोडंना.

"छान झालं मामा. पण मग ते रक्त कुठलं होतं?" त्या सोताशीच बोलल्यागत म्हणाल्या. "दुर्बिणीत काही नाही, मूळव्याधही नाही. मटण खाल्लं होतं का?"

"छ्या! तीन दिस मटणाचा थेंब न्हाई," हे बोलून गेले.

"चांगलं मिशीपत्तोर खाल्लं व्हतं," मी म्हणलं. तोंडातनं निघूनच गेलं.

"मग त्यानंच आलं असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आन् त्यांच्या कपाळाची आठी सुटली. "म्हणजे तपासणी फसली. चला, प्रश्न मिटला."

तिथं गप बसले असते तर मिटलाच व्हता. पण माझं डोकं असं, की चुकीचा हिशेब लागला तर मला बसवत न्हाई. मी म्हणलं, "पण बाई, मटण ह्यांनी खाल्लं. डबीत तर माझं व्हतं. आन् मी मटण खातच न्हाई."

डॉक्टरीणबाईंचा हात पेढ्यासकट तसाच राहिला. "डबीत कुणाचं होतं?"

मंग मी समदं सांगितलं. चूल, तवा, कळप, लेंड्या. हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसले. मला वाटलं बाई आता हसतील, न्हाईतर झाडतील. त्यांनी दोन्ही केलं न्हाई. उठून आल्या, माझ्या डोळ्याची खालची पापणी वढून बघितली, नखं बघितली.

"मावशी, दम लागतो का? थकवा?"

"लागतो की. ह्या वयात बाईमाणसाला लागायचाच. उसाला पाणी धरून बघा तुमी."

"ते रक्त तुमचं आहे, मावशी. मामांचा त्याच्याशी काही संबंध नाही. तुमची दुर्बीण करावी लागेल."

ह्यांना हसू आलं. "बाई, हिला कशाला? रोग माझ्या आईचा. ही सून हाय, हिच्यात आमच्या घरचं रगत कुठनं येणार?"

"बरोबर आहे मामा. सुनेला सासूचा रोग उतरत नाही. पण रक्त दिसलंय, तर..."

मी मधीच बोलले. का बोलले ते मला बी ठावं न्हाई. "बाई, मी ह्यांच्या मामाची पोरगी हाय. सासू माझी आत्या व्हती. सख्खी."

डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसल्या. "म्हणजे तुमचे वडील आणि कुशाबाई..."

"एका आईचं."

"वडील आहेत?"

"न्हाईत. मी दुसऱ्या बाळंतपणाला गेले व्हते तवाच वारले. वाड्यावर. मेंढरं घिऊन लांब गेल्ते, तिथल्या तळावर. घोंगडीत घालून घरी आणले."

"कशानं?"

"मूळव्याधीनं," मी म्हणलं. आन् म्हणता म्हणताच मला बाप दिसला. पन्नाशी बी गाठली न्हवती माझ्या बापानं. गेणबा धनगर म्हणलं की दहा माणसांना भारी. आन् जाताना घोंगडीत दिसत न्हवता, येवढा वाळला. रगत पडायचं. पोट फुगलेलं. मी कधी त्या दोन मरणांचा सांधा जोडलाच न्हवता. एक माहेरचं मरण, एक सासरचं. माहेरचं रडून झालं की माहेरातच ठिवून यायचं असतं.

माझ्या डोक्यात नुसता गलका. हे काय झालं? मी वरीसभर ह्यांच्या पोटावर डोळा ठिवून व्हते. मी ह्या घरची म्हणून आले, कुंकू ह्यांचं, आडनाव ह्यांचं, मी मेले तर ह्यांच्याच रानात जाळणार. मंग हे रगत मधीच कुठनं आलं? आत्या कोण माझी, सासू का आत्या? तिच्या उशाला बसून मी तिचा रोग धुतला, आन् त्यो सारा वेळ माझ्याच अंगात बसला व्हता का? डॉक्टरीणबाई सांगत व्हत्या, आई-बापातनं अर्धं अर्धं येतं, अर्ध्यात आलं न्हाई तर सुटका, ह्यांची सुटका झाली असंल, तुमची झाली न झाली ते बघू. मला निम्मं कळलं, निम्मं कानावरनं गेलं. येवढं कळलं की आडनाव बदललं तरी ते आत जाऊन काय बदलत न्हाई.

ह्यांच्याकडं बघितलं. मघाशी जीपमधी पोपटासारखा बोलणारा माणूस, पेढ्याचा बॉक्स मांडीवर धरून बसला व्हता.

घरी आल्यावर मला राग आला. कशाचा, ते सांगता येत न्हाई. ह्यांच्या येळंला जीप, भंडारा, आक्काबाईचा गळा. आन् माझं म्हणल्यावर ज्यो त्यो म्हणतोय, "तुला काय झालंय? धडधाकट हायेस की." आक्काबाईच म्हणाली, "बाईमाणसाला कसली गं दुर्बीण? पुरुषाचं निघालं न्हाई न्हवं, झालं तर मंग." मी बी मनात म्हणलं, ऱ्हाऊ द्या. कांदा काढायला आलाय. सुगी झाल्यावर बघू. खरं सांगते, तसंच झालं असतं.

पण हे उठले. कुणाला न सांगता किराणा दुकानात गेले आन् रविराजला फोन लावला, जीप आण म्हणून. पावडर त्यांनीच कालवली. "लई घाण लागती," म्हणाले, "नाक दाबून पी." दुपारभर मी उसाकडं पळत व्हते आन् ह्यो माणूस तांब्या घिऊन उसाच्या कडंला बसून. आल्या-गेल्यानं इचारलं तर सांगायचा, "बायकोचं पोट साफ चाललंय, तुमी व्हा म्होरं." लाज गेली कुठं ह्यांची, कळंना.

पुण्यात मला गुंगीचं दिलं. उठले तवा हे शेजारी, आन् त्यो तरणा डॉक्टर ह्यांना टीव्हीवर कायतरी दाखवत व्हता. आतड्यात दोन कोंब निघाले. एक बारका, एक बोराएवढा. दोन्ही तारंनं कापून काढले म्हणाला, पोट बी फाडायला लागलं न्हाई. मोठा तपासायला पाठवला. त्येचा निकाल यायच्या आधीचे दिस मी कसे काढले ते माझं मला ठावं. निकाल घिऊन डॉक्टरीणबाई सोता वस्तीवर आल्या.

"कॅन्सरच्या वाटेला लागला होता, मावशी. पोचला नव्हता. सगळाच्या सगळा निघालाय."

"म्हंजी मला झालाय का न्हाई?"

"नाही झाला."

"मंग आता व्हणार न्हाई?"

"हा होणार नाही. दुसरा कोंब येऊ शकतो, म्हणून दर वर्षी बघायचं. आला तर काढायचा."

झाला न्हाई, व्हणार व्हता, आता व्हणार न्हाई, पण परत व्हऊ शकतो. ह्येला हसायचं का रडायचं? हे मातुर डॉक्टरीणबाईंच्या पाया पडायला वाकले, आन् त्या "अहो मामा, अहो मामा" करत मागं सरकल्या. जाताना रविराजला बी सांगितलं त्यांनी, तुझी बी, तुझ्या पाठच्याची बी दुर्बीण आता करायची, घराण्यात हाय म्हणून वय व्हायची वाट बघायची न्हाई. त्येनं मान हलवली, तर ह्यांनी त्येच्या पाठीत एक गुद्दा घातला. "मान हलवू नको, तारीख घे."

मंग बाई दारातनं वळल्या. "मावशी, वडिलांची आणखी मुलं?"

"म्हस्कू हाय. माझा धाकला भाऊ. दौंडकडं असतो, माहेरात."

"त्यांना सांगा. लवकर सांगा."

दुसऱ्याच दिवशी मी दौंडची यष्टी धरली. म्हस्कू अजून मेंढरं घिऊन हिंडतो. ऐन उमेदीचा, बापासारखाच उंचापुरा. बाभळीखाली मेंढरं कातरत बसला व्हता. मला बघून हसला, कातर काय थांबवली न्हाई. मी सांगाया लागले. आत्या, दुर्बीण, माझे दोन कोंब, समदं. त्यो ऐकत गेला, लोकर काढत गेला.

"बरं झालं तुझं निघालं ते," म्हणाला. "पण ताई, त्यो तुमच्या घरचा रोग. आत्या तिकडं गेली, तू तिकडं गेलीस. दिल्या घरी जे मिळतं ते तिकडचंच. आमच्यात न्हाई तसलं काय."

"आन् बाप कशानं गेला?"

"मूळव्याधीनं."

"मूळव्याधीनं माणूस मरतो व्हय रं मुडद्या? पोट बघितलंस न्हवं त्येचं? तूच धरून बसला व्हतास न्हवं? आत्याचं बी तस्सच पोट व्हतं. माझ्या पोटात बी तेच बसलं व्हतं. बाप काय नुसता माझा व्हता? तुझा न्हवता?"

मी लई वरडले. भावजय भागुबाई चुलीपसनं उठून दारात येऊन उभी राहिली. म्हस्कूची कातर थांबली. खाली मुंडी घालून त्यो मेंढराच्या पाठीवरनं नुसता हात फिरवत राहिला. मला वाटलं आता उलटा वरडंल माझ्यावर.

"ताई," त्यो खालीच बघत म्हणाला, "त्यांच्या त्या दुर्बिणीत, दोन वर्सं रगत पडत असलं, तर ते बी दिसतं का?"

मागं भागुबाईनं तोंडाला पदर लावला. तिला ठावं न्हवतं, हे तिच्या डोळ्यांतच दिसलं. दोन वर्सं! त्येला मुस्काटात द्यावी का उराशी धरावं, मला काय कळंना. बाईंनी सांगितलेलं समदं डोक्यात गोळा व्हत व्हतं, लवकर सापडलं तर, वाटेला लागलं तर, पोचलं तर, आन् त्यातलं आता कोणचं धरायचं ते सुधरत न्हवतं.

"दिसतं," मी म्हणलं. "ऊठ. हात धू. आत्ताच्या यष्टीनं जायचं."

"मेंढरं?"

"भागे, मेंढरं बघ गं," मी म्हणलं, आन् त्येच्या दंडाला धरून वढलं. येवढा दांडगा माणूस, हाताला काय लागंना. दंड वाळला व्हता त्येचा.